चीनच्या कुंगफू शाळेत राहायला जाण्याआधी

चीनला जाऊन कुंगफू शिकायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्या दिवशी बूट मागवतात आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतीला पाय लावून ताणायला लागतात. ताणायचं आहेच, त्यावर पुढे लिहितो. पण तिकडे आपल्या लोकांची फजिती होताना मी पाहिली ती मुख्यतः व्हिसा, फोन, पैसे आणि पोट या चार ठिकाणी, आणि या चारही गोष्टींचा बंदोबस्त घरी बसून करता येतो. हेनान प्रांतातल्या डेंगफंगमध्ये राहून शिकून आल्यापासून ओळखीपाळखीतून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच क्रमाने लिहून ठेवतोय.

हाताशी तीन महिने ठेवा. शरीराला तेवढे लागतातच, कागदपत्रं त्यात आरामात होतात.

१. आधी गाव ठरवा, मग शाळा

शाओलिन मंदिर इसवी सन ४९५ मध्ये, उत्तर वेई राजवटीत, भारतातून गेलेल्या बातुओ नावाच्या भिक्षूसाठी उभारलं गेलं. सोंगशान डोंगराच्या कुशीतलं हे मंदिर आज तिकीट काढून बघता येतं. तुम्ही राहणार मात्र डेंगफंग शहरातल्या किंवा आसपासच्या एखाद्या खासगी शाळेत. या निवासी शाळा आहेत. मोठ्या शाळांत चिनी मुलं हजारोंनी राहतात. दिवसातला काही वेळ पुस्तकं आणि उरलेला वेळ मैदान. परदेशी लोकांची तुकडी आणि खोल्या बहुधा वेगळ्या असतात. शाळेचा मंदिराशी संबंध कधी खरा असतो, कधी नावापुरता. जाहिरातीत भिक्षूचे कपडे दिसले म्हणून शिकवणारा भिक्षू असेलच असं नाही, आणि भिक्षू नसला म्हणून वाईट शिकवतो असंही नाही. 'अमुकाव्या पिढीचे शिष्य' हे तर तिथे इतक्यांच्या पाटीवर असतं की त्यावरून काहीच ठरवू नका.

शाओलिन हा एकच पर्याय नाही. हेनानमध्येच वेन तालुक्यात चेनजियागोउ नावाचं गाव आहे. चेन घराण्याची ताइची, म्हणजे संथ हालचालींची युद्धकला, तिथली. हुबेई प्रांतात वुडांगचे डोंगर आहेत, तिथे ताओ परंपरेतली ताइची, तलवार आणि श्वासाचे प्रकार शिकवतात. विंग चुन हा जवळून हातांनी लढायचा प्रकार शिकायचा तर दक्षिणेला ग्वांगदोंगमधलं फोशान. वय तिशीच्या आत, उड्या मारायची हौस आणि दम असेल तर शाओलिन. चाळिशी ओलांडलेले बरेच जण 'गुडघे कुरकुरतात, म्हणून ताइची' असं म्हणतात, त्यांना एक सांगून ठेवतो: चेन ताइची हळू असते, सोपी नसते. तिच्यातली बैठक खोल असते आणि गुडघ्यांचा कस लागतोच. आपल्याला किती खाली बसू देतील हे शाळेला आधी विचारा.

मोसमाचं म्हणाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये हेनान भाजून निघतं. जानेवारीत पारा शून्याखाली जातो आणि कवायत तरीही उघड्यावरच. दोन आठवडे मात्र कटाक्षाने टाळा. एक, १ ऑक्टोबरपासूनची राष्ट्रीय दिनाची सुट्टी, जेव्हा अख्खा देश प्रवासाला निघतो. दुसरा, जानेवारी-फेब्रुवारीत येणारं चिनी नववर्ष, जेव्हा मुलं आणि शिफू, म्हणजे शिक्षक, घरी जातात, मेस बंद होते आणि तुम्ही रिकाम्या आवारात एकटे उरता.

२. पैसे भरण्याआधी हे विचारा

शाळेच्या कार्यालयात इंग्रजी बोलणारं एखादं माणूस असतं. सगळी उत्तरं त्याच्याकडून तोंडी न घेता ईमेलवर घ्या.

परदेशी माणसाला ठेवण्याची शाळेला परवानगी आहे का, आणि पोलिसांकडची नोंदणी शाळा करून देते का? व्हिसासाठी कोणतं पत्र मिळेल? दिवसाला प्रत्यक्ष किती तास शिकवणार, तुकडीत किती जण, शिफू कोण आणि ते बदलतात का? दुभाष्या मैदानात असतो की फक्त कार्यालयात? खोलीत किती जण, गरम पाणी किती वाजता येतं, थंडीत खोली गरम करायची सोय आहे का? शाकाहारी जेवण रोज मिळेल का? मध्येच दुखापत झाली आणि परत जावं लागलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतात का?

शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर सावध व्हा. परदेशी विद्यार्थ्याला खोली, जेवण आणि शिकवणी मिळून महिन्याला साधारण ५०० ते १००० डॉलर पडतात. शाळेप्रमाणे वरखाली होतं. पूर्ण रक्कम आधी पाठवू नका. थोडी अनामत पाठवायची आणि बाकीचे पैसे पोचल्यावर, खोली आणि मैदान बघून द्यायचे, हे चांगल्या शाळा मान्य करतात. पहिल्यांदाच जात असाल तर एका महिन्याचंच ठरवा. जमलं तर तिथे राहून पुढचं बोलता येतं. तीन महिने आगाऊ भरलेल्या माणसाला दुसऱ्या आठवड्यात शाळा बदलावीशी वाटली की जे काही होतं ते बघण्यासारखं नसतं.

मधला दलाल घेऊ नका. तो जे करतो ते सगळं एका ईमेलने होतं. शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर मैदान आणि खोली दाखवायला सांगा, आणि अलीकडे तिथे राहून आलेल्या एखाद्याशी बोलणं करून द्या म्हणावं.

मुलाला पाठवायचं का, असं विचारणारे पालकही असतात. माझं मत स्पष्ट आहे: अठराच्या आतल्या पोराला एकट्याने पाठवू नका. तिकडची शिस्त कडक असते, चिनी मुलांना काठीचा प्रसादही मिळतो. परदेशी मुलांच्या वाट्याला तो सहसा येत नाही, पण रोज बघावं लागणं हेही लहान वयात सोपं नाही.

३. व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा आधी काढावा लागतो. महाराष्ट्रातल्या अर्जदारांना मुंबईची वकिलात. प्रकार तीन लक्षात ठेवा.

एल म्हणजे पर्यटक व्हिसा. आपल्याला बहुधा एका प्रवेशाचा आणि ३० दिवसांच्या आसपासचा मिळतो. दोन-तीन आठवड्यांच्या शिकवणीसाठी बहुतेक शाळा हाच काढायला सांगतात.

एक्स २ म्हणजे १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणाचा. त्यासाठी शाळेचं प्रवेशपत्र लागतं, आणि परदेशी विद्यार्थी घेण्याची अधिकृत मान्यता असलेली शाळाच ते देऊ शकते.

एक्स १ हा १८० दिवसांहून जास्त राहणाऱ्यांसाठी. प्रवेशपत्राबरोबर जेडब्ल्यू २०१ किंवा २०२ हा सरकारी फॉर्म लागतो आणि चीनमध्ये उतरल्यापासून ३० दिवसांत निवास परवाना काढावा लागतो.

इथे सापळा असा की काही शाळा सांगतात, 'पर्यटक म्हणून या, इथे वाढवून देऊ.' मुदतवाढ मिळू शकते, पण ती स्थानिक पोलिसांच्या परदेशी विभागाच्या हातात असते, शाळेच्या नाही. अर्ज व्हिसा संपण्याच्या किमान ७ दिवस आधी द्यावा लागतो, आणि वाढ मूळ मुदतीहून जास्त मिळत नाही. म्हणजे तीस दिवसांच्या व्हिसावर सहा महिन्यांचं पॅकेज विकत घेणं हा जुगार आहे. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० युआन दंड, कमाल १०,००० युआन, किंवा काही दिवस कोठडी. एक युआन साधारण १२ रुपयांचा धरा आणि हिशोब करा.

अर्जात जे खरं आहे तेच लिहा. शाळेत राहणार असाल तर शाळेचं पत्र जोडा. खोटं हॉटेल बुकिंग लावून नंतर ते रद्द करण्याची युक्ती काही लोक सुचवतात, तिच्या नादी लागू नका.

फाईलमध्ये असावं ते:
- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत आणि कोरी पानं शिल्लक, जुने पासपोर्टही
- भरलेला अर्ज आणि मागितलेल्या मापाचे, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो
- शाळेचं पत्र, चिनी आणि इंग्रजी दोन्हींत, शिक्क्यासह
- जायचं-यायचं तिकीट
- बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरण, नोकरी असल्यास रजेचं पत्र
- प्रवास विमा
- नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह
- शाळेचा पत्ता आणि फोन चिनी लिपीत, कागदावर छापलेला

शेवटचा कागद सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. टॅक्सीवाल्याला, पोलिसाला, बसच्या खिडकीवर, जिथे तोंड उघडून उपयोग नसतो तिथे तो पुढे करायचा.

विम्याचं बारीक अक्षर वाचा. साध्या प्रवास विम्यात मार्शल आर्ट्स किंवा 'साहसी खेळ' वगळलेले असू शकतात. विमा कंपनीला ईमेल करून 'कुंगफूच्या प्रशिक्षणात झालेली दुखापत धरली जाईल का' हे लेखी विचारा. सान्दा, म्हणजे खरोखर ठोसे-लाथांची लढत, शिकणार असाल तर ते नाव घालून विचारा.

४. फोन आणि पैसे

ही पायरी लोक सर्वांत हलक्यात घेतात आणि हेनानची राजधानी झेंगझोऊच्या विमानतळावर उभे राहून रडकुंडीला येतात.

चीनमध्ये गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम चालत नाहीत. आणि चीनमध्ये ज्यावर सगळं चालतं ते वीचॅट भारतात जून २०२० पासून बंदीत आहे, इथल्या ॲप स्टोअरमध्ये ते मिळत नाही. थोडक्यात, आपली ॲप तिकडे बंद आणि त्यांचं ॲप इकडे बंद. या कात्रीतून वाट अशी:

भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून जा. रोमिंगचा डेटा आपल्या कंपनीमार्गे जात असल्याने त्यावर व्हॉट्सॲप, जीमेल साधारणपणे चालतं. प्रवासी ई-सिमचंही तसंच. शाळेच्या वाय-फायवर मात्र चालणार नाही. महिनाभराचं रोमिंग महाग वाटलं तर किमान सिम चालू राहील एवढं पॅक घ्याच, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. व्हीपीएनवर, म्हणजे बंद साइट आडमार्गाने उघडणाऱ्या ॲपवर, विसंबून राहणारे बरेच असतात. परवानगी नसलेलं व्हीपीएन तिथल्या नियमांत बसत नाही आणि ऐन वेळी बंद पडतं, म्हणून मी तो मार्ग सुचवत नाही.

तिथे गेल्यावर पासपोर्ट दाखवून चिनी सिम घ्या. त्या नंबरावर वीचॅट सुरू करणं सोपं जातं. शाळेतलं कोणीतरी मदत करतं. तोवर शाळेशी ईमेलवर बोला, आणि सगळी पत्रं, तिकिटं, पत्ते फोनमध्ये उतरवून ठेवा. मेल उघडलाच नाही तर पीडीएफ तरी उघडेल. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन वापरण्यासाठी आधीच उतरवून घ्या.

पैशांचं असं की यूपीआय तिथे विसरायचं. रस्त्यावरची उकडलेली कणसंसुद्धा क्यूआर कोडवर विकली जातात, पण तो कोड अलिपेचा किंवा वीचॅटचा. अलिपेला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशी वापर चालू करा. आपल्याकडे तो मुद्दाम चालू करावा लागतो आणि नेमका हाच खटका विसरतो. दोन वेगळ्या बँकांची कार्डं ठेवा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलिपे परदेशी कार्डावर शुल्क लावत नाही, त्यावर ३ टक्के लागतात. शिवाय पहिल्या आठवड्याला पुरतील एवढे रोख युआन खिशात असू द्या. दुकानदारांनी नोटा घ्यायलाच हव्यात असा तिथे नियम आहे, फक्त सुट्ट्याची वानवा असते.

५. शरीर: तीन महिन्यांचं काम

शाळेत पहिले आठवडे तुम्हाला कोणी सुंदर मुद्रा आणि उड्या शिकवणार नाही. मूलभूत बैठका, पायांचं ताणणं, लाथांच्या रांगा आणि धावणं, दिवसातून दोनदा. याची तयारी घरीच झाली असेल तर पहिला आठवडा शिकण्यात जातो. नसेल तर जिना उतरताना कठडा धरण्यात.

पाच बैठका आधी ओळखीच्या करून घ्या. माबू, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखी. गोंगबू, एक पाय पुढे वाकवलेला आणि मागचा सरळ. पूबू, एका पायावर पूर्ण खाली बसून दुसरा बाजूला लांब. शूबू, सगळं वजन मागच्या पायावर आणि पुढच्याचं फक्त टोक जमिनीला. शिएबू, पाय एकमेकांत घालून खाली बसलेली. या पाच एकत्र गुंफून वूबूच्वान नावाचा छोटा क्रम होतो आणि बहुतेक नवशिक्यांची सुरुवात त्यानेच होते. माबूत आधी अर्धा मिनिट टिका, मग हळूहळू दोन मिनिटांपर्यंत जा. मांड्या जमिनीला समांतर नाही झाल्या तरी चालेल. गुडघा पावलाच्या दिशेनेच राहिला पाहिजे, आत पडता कामा नये. गुडघ्याची दुखणी आणतो तो हाच आत पडणारा गुडघा.

आपल्याकडे एक जमेची बाजू आहे. उकिडवं बसायची सवय असलेल्या माणसाचे घोटे मोकळे असतात, त्यामुळे पूबू आपल्याला युरोपातून आलेल्यांपेक्षा लवकर जमतं. ज्यांची ही सवय सुटली आहे त्यांनी रोज पाच मिनिटं उकिडवं बसावं. बैठका मारा, सूर्यनमस्कार घाला. पुण्यात असाल तर आठवड्यातून दोनदा पर्वती आणि रविवारी सिंहगड, तेही उतरताना घाई न करता. कारण शाळांत दगडी पायऱ्यांवर धावायला लावतात, आणि पायऱ्या चढण्यापेक्षा उतरताना मांड्यांची वाट लागते.

पाय ताणणं कसं चालतं ते सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त दुखापती तिथेच होतात. कमरेएवढ्या उंचीच्या आडव्या दांड्यावर टाच ठेवायची. पंजा स्वतःकडे ओढलेला, दोन्ही गुडघे सरळ, कंबर समोर चौकोनी. मग कपाळ नडगीकडे न्यायचं. नवखा माणूस इथे पाठीला पोक काढतो आणि डोकं खाली घालतो; दिसायला खाली गेल्यासारखं वाटतं, पण मांडीचा मागचा स्नायू ताणलाच जात नाही. पाठ सरळ ठेवून चार बोटं कमी गेलात तरी ते जास्त कामाचं. हे झालं की शिफू किंवा जोडीदार पाठीवर हात ठेवून दाबतो. तो दाबत असताना श्वास रोखू नका. ओढ बसणं ठीक, पण मांडीच्या अगदी वर, बसायच्या हाडापाशी, सुईसारखी टोचणी आली तर त्याच क्षणी हात वर करा आणि 'थंग' म्हणा, म्हणजे दुखतंय. लाजून गप्प बसलेल्यांचा स्नायू फाटलेला मी पाहिला आहे. त्यांचा उरलेला महिना बाकावर बसून इतरांची कवायत बघण्यात गेला.

जुनं दुखणं असेल, विशेषतः गुडघा, कंबर, खांदा, तर निघण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि शाळेला पहिल्याच दिवशी सांगा. धनुर्वाताची लस झाली आहे का बघा, टायफॉइड आणि हिपॅटायटिस एच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

६. बॅग

कमी न्या. गणवेश आणि बूट तिथे स्वस्त मिळतात. फेययुए नावाचे पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट सगळे वापरतात. पाऊल मोठं असेल तर मात्र मापाचे मिळायला त्रास होतो, तेवढ्यांनी घरून न्यावेत. हे बूट काँक्रीटवर रोज वापरले की नडग्या ठणकतात, म्हणून आतले मऊ तळवे सोबत घ्या आणि धावायला वेगळे बूट ठेवा.

घाम टिपणारे टी-शर्ट, दोन ट्रॅक पँट, पायमोजे भरपूर, थंडीसाठी अंगालगतचे गरम कपडे. कापडी पट्टी, गुडघ्याची पट्टी, चिकटपट्टी, जंतुनाशक, बुरशीची पावडर, इलेक्ट्रल, वेदनाशामक गोळ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नेऊ नका. वेदनाशामक स्प्रेऐवजी मलम घ्या, रेल्वेच्या तपासणीत स्प्रेवरून अडवतात. सान्दा शिकणार असाल तर दातांचं आणि जांघेचं संरक्षक घरून.

आपल्या दोन गोल पिनांचा प्लग तिथल्या बऱ्याच खोबणीत बसतो, तीन जाड पिनांचा बसत नाही. एक ॲडॉप्टर ठेवा. पॉवर बँकेवर ३सी हे चीनचं सुरक्षा-मान्यतेचं चिन्ह नसेल तर चीनमधल्या देशांतर्गत विमानात ती जून २०२५ पासून नेऊ देत नाहीत. ती तिथेच विकत घ्या.

खाण्याचं: मेतकूट, कोरडी चटणी, भडंग, खाकरे बंद पाकिटातून न्या. तूप, पेढे, बर्फी, ताजी फळं, मांस नेऊ नका. दुधाचे पदार्थ आणि फळं चीनच्या कस्टममध्ये चालत नाहीत. लोणच्याची बरणी फुटल्यावर काय होतं हे सांगायला नको.

७. पोचणं आणि पहिले चोवीस तास

२०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांना बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँगमार्गेही चांगली तिकिटं मिळतात. हाँगकाँगमध्ये विमानतळाबाहेर पडायचं असेल तर भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी लागते.

बीजिंगला उतरलात तर बीजिंग पश्चिम ते झेंगझोऊ पूर्व वेगवान गाडीने साधारण तीन तास. तिकीट १५ दिवस आधी खुलं होतं आणि पासपोर्ट हेच तिकीट. वाटेत शिजियाझुआंग लागतं, सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी त्या शहरात आहे. दिवस हाताशी असेल तर उतरण्यासारखं आहे, आणि उत्तर चीनमधल्या वयस्क माणसांना कोटणीसांचं चिनी नाव, 'क दीहुआ', अजून माहीत असतं. झेंगझोऊहून डेंगफंगला बसने दीड-दोन तास.

आता सर्वांत महत्त्वाचं. हॉटेलबाहेर कुठेही राहिलात तर चोवीस तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे नोंदणी झाली पाहिजे, असा कायदा आहे. हॉटेल ती आपोआप करतं, शाळेत ती करून घ्यावी लागते. 'उद्या बघू' ऐकून घेऊ नका. बॅग खोलीत टाकली की पासपोर्ट घेऊन कार्यालयात जा, आणि नोंदणीची पावती फोटो काढून जपून ठेवा. मुदतवाढीला सगळ्यात आधी तीच मागतात. मध्ये चार दिवस दुसऱ्या गावी हॉटेलात राहून परत आलात तर नोंदणी पुन्हा करावी लागते का, हेही तिथेच विचारून घ्या.

अडीअडचणीचे नंबर: पोलीस ११०, आग ११९, रुग्णवाहिका १२०.

८. रोजचा दिवस आणि जेवण

साडेपाच-सहाला शिट्टी. धावणं, ताणणं, मग नाश्ता. नऊच्या सुमारास पहिली मोठी कवायत, दुपारी जेवून झोप, तीननंतर दुसरी. संध्याकाळी कधी श्वासाचे प्रकार, कधी मोकळं. दुपारची झोप चुकवू नका, तिकडे ती सगळे घेतात आणि त्याशिवाय दुसरी कवायत निभत नाही. आठवड्याची सुट्टी शाळेप्रमाणे बदलते.

शिक्षकाला 'शिफू' म्हणायचं, नावाने हाक मारायची नाही. नमस्कार म्हणजे उजवी मूठ, तिच्यावर डावा तळवा. शाओलिनच्या परिसरात एक हात छातीपुढे धरून 'अमितोफो' म्हणतात. हॅलो, धन्यवाद, माफ करा, सगळ्याला तेच चालतं. आकडे पाठ करून जा, कारण लाथांच्या रांगा आकड्यांवर चालतात: ई, अर, सान, स, वू, ल्यू, ची, बा, ज्यो, श.

जेवणात वाफवलेले मान्तौ, भात, नूडल्स, कोबी, टोफू, टोमॅटो-अंडं, सकाळी बाजरीसारख्या धान्याची पातळ पेज. अंडं खाणाऱ्याचं अडत नाही. शुद्ध शाकाहाऱ्याने नीट लक्ष द्यायचं ते रश्शाकडे. भाजी कोबीची असते, पण चरबी डुकराची असू शकते आणि चवीला कोंबडीची पावडर. हेनानचं प्रसिद्ध हूलाथांग सूप आणि हुईमिएन नूडल्स दोन्हींत सहसा गोमांस किंवा मटण असतं. 'वो छ सू', मी शाकाहारी आहे, एवढं पुरत नाही. मांस, मासे, चरबी, हाडांचा रस्सा, कोंबडीची पावडर चालत नाही, असा चिनीत लिहिलेला कागद स्वयंपाकघरात चिकटवून घ्या. जैन मंडळींना थोडा दिलासा: तिथल्या बौद्ध शाकाहारात कांदा-लसूण वर्ज्य असतो, म्हणून मंदिराजवळच्या शाकाहारी खाणावळी जवळच्या वाटतील. बटाट्याचं मात्र तुम्हालाच सांगावं लागेल.

नळाचं पाणी पिऊ नका. उकळत्या पाण्याचा नळ प्रत्येक मजल्यावर असतो. थर्मास घ्या आणि रात्रीच भरून ठेवा.

९. दुखापत, कंटाळा, सुट्टी

दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास अंग ठेचल्यासारखं होतं आणि आपण इथे कशाला आलो असं वाटतं. हे बहुतेकांना होतं. एक दिवस हलकं करा, शिफूंना सांगून करा. सूज आलेल्या सांध्यावर कवायत करू नका, आणि मैदानावर कोणी हाड 'बसवून' द्यायला आलं तर आधी एक्स-रे म्हणा. मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात आधी पैसे भरून मग तपासणी होते. पावत्या सगळ्या ठेवा, विम्याला लागतात.

सुट्टीत डोंगरावर पळापळ करण्यापेक्षा डेंगफंगजवळच्या गाओचंगची युआन राजवटीच्या काळातली वेधशाळा बघा, तिथे गर्दी कमी असते. पूर्ण दिवस मिळाला तर लुओयांगला जा. तिथल्या श्वेताश्व मंदिराच्या आवारात भारताने बांधलेलं सांचीच्या धर्तीचं मंदिर आहे. २०१० मध्ये राष्ट्रपती असताना प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते ते अर्पण झालं.

१०. परतताना

शेवटचे पैसे देताना अनामत परत मागा आणि प्रमाणपत्र हवं असेल तर दोन दिवस आधी सांगा. ते शाळेचं प्रमाणपत्र आहे, मंदिराचं नाही; चीनची अधिकृत श्रेणी म्हणजे दुआनवेई, तिची परीक्षा वेगळी द्यावी लागते.

तलवार, भाला घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. पाती असलेलं काहीही चिनी रेल्वेत नेता येत नाही, बोथट असलं तरी तपासणीत काढून घेतात, आणि भारतात उतरल्यावर कस्टमचा प्रश्न वेगळाच. पांढऱ्या लाकडाची लवचीक काठी कायद्याने अडत नाही, पण ती माणसाच्या उंचीची असते. ती आणायचीच असेल तर तिकीट काढतानाच विमान कंपनीला लांबी कळवून लेखी होकार घ्या, आणि झेंगझोऊला गाडीने जाणार असाल तर ती न्यायला देतात का हे शाळेकडून आदल्या दिवशी विचारून घ्या.